मागे नेणारं बटण

चाळिशीनंतर माणसाला नवं काही शिकता येत नाही, हे सिद्ध करायला मी चिरंजिवांचा मोटारशर्यतीचा खेळ खेळायला बसलो. खेळाचं नाव ‘फोर्झा’, रस्ता जर्मनीतला न्यूरबर्गरिंग. जुना, सुमारे २०.८ किलोमीटरचा. पहिल्या फेरीत माझी गाडी रस्त्यापेक्षा गवतातच जास्त हिंडली.

“बाबा, ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर. वेग वळणातून बाहेर पडताना!” मला कळत होतं हो, पण अंगठ्यांना कळायला हवं ना!

मग त्यानं एक बटण दाखवलं. दाबलं की आदळलेली गाडी उलटी येऊन सुखरूप उभी. २००९च्या तिसऱ्या भागापासून ही सोय आहे म्हणे. मी चपापलो. आमच्या बँकेत चुकलेली नोंद पुसता येत नाही. उलटी नोंद करायची, आणि दोन्ही दिसत राहतात. इथं तर चूक झालीच नव्हती! ही शिकवणी की लबाडी? एका वळणावर चाळीसदा मागे गेलो, तेव्हा ते जमलं. चिरंजिवांनी बटण बंद केलं आणि पुढच्याच वळणावर मी पुन्हा गवतात.

गेल्या महिन्यात काउंटरवर एका पेन्शनर आजोबांवर खेकसलो. “बरं, साहेब,” म्हणत त्यांनी पासबुक जपून पिशवीत ठेवलं. माझा अंगठा टेबलावर बटण शोधत होता. या एक तारखेला ते आले, ते शेजारच्या खिडकीच्या लांबलचक रांगेत उभे राहिले.

माझ्या खिडकीशी कुणीच नव्हतं.