मधलं पाणी

गेल्या रविवारी भाची आणि तिचा नवरा जेवायला आले होते. लग्नाला दीड वर्ष झालं, पण दोघांचा असा लांबचा प्रवास अजून झालेला नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात ग्रीसला जायचं, दहा रात्री, एवढं पक्कं केलंय. ताटं उचलून झाल्यावर तिनं वहीचं एक पान माझ्यापुढे सरकवलं. "मावशी, बघ ना जरा." अथेन्स दोन रात्री. मग ओळीनं मिकोनोस दोन, पारोस एक, नाक्सोस दोन, मिलोस एक, सांतोरिनी दोन. आणि अगदी खाली, बारीक अक्षरात, 'जमलं तर क्रीट'.

खूप मन लावून केलेलं पान होतं ते. कुठल्या बेटावर काय बघायचं, काय खायचं, सगळं टिपलेलं. एका नावाच्या आणि दुसऱ्या नावाच्या मध्ये मात्र कोरी जागा होती. तिथे पाणी आहे. मला त्या दोघांना त्या दुपारी सांगायची होती ती एकच गोष्ट: बेटांची सहल आखायची म्हणजे आधी ते मधलं पाणी आखायचं. बेटं आपोआप ठरतात.

पारोसहून नाक्सोस बोटीनं तासाभराच्या आत येतं. कागदावर तासाभराचा प्रवास दिसतो, आणि तिथेच हिशेब चुकतो. सकाळी बॅगा भरायच्या, खोली अकराच्या सुमारास सोडायची, धक्क्यावर पाऊण तास आधी पोचायचं. बोट बारा-साडेबाराची असेल, ती वीस मिनिटं उशिरा येणार. उतरल्यावर बॅगा ओढत नवं घर शोधायचं, किल्ली घ्यायची, आंघोळ करायची. जेवायला बसेपर्यंत चार वाजतात. तासाभराच्या त्या प्रवासानं सबंध दुपार घेतलेली असते. भाचीच्या पानावर अशा सहा फेऱ्या होत्या. आठ रात्रींमधल्या सहा दुपारी धक्क्यावर गेल्या, तर बेटावर राहायला उरलं काय? म्हणून मी तिला म्हटलं, बेटं मोजू नकोस, फेऱ्या मोज. दहा रात्रींना तीन फेऱ्या पुरे. चौथी घ्यायची तर तिला तसंच कारण हवं.

"पण नकाशावर सगळी जवळजवळ आहेत की," जावई म्हणाला. आहेतच. या बेटांचं नावच सिक्लाडीस, डेलोस नावाच्या बेटाभोवती वर्तुळ करून बसलेली. पण बोटी वर्तुळात फिरत नाहीत, त्या बहुतेक पिरेयसहून सुटतात. पिरेयस म्हणजे अथेन्सचं बंदर. तिथून मार्ग निघतात ते आपल्या लोकलसारखे. एक उत्तरेकडचा, सिरोस, तिनोस, मिकोनोसचा. एक मधला, पारोस, नाक्सोस, सांतोरिनीचा. आणि एक पश्चिमेचा, सेरिफोस, सिफनोस, मिलोसचा. मुलुंड आणि बोरिवली नकाशावर शेजारी दिसतात, मध्ये फक्त जंगल. पण लोकलनं जायचं तर दादरला उतरून गाडी बदलावी लागते. मिलोस आणि नाक्सोसचं तसंच आहे. थेट बोट कधी असते, कधी नसते, आठवड्यातल्या ठरावीक वारीच असते. एका मार्गावरची बेटं घेतली की बोट रोज मिळते, बहुधा दिवसात एकाहून जास्त, आणि एक चुकली तर जीव घाबरत नाही. म्हणून आधी बोटीचं वेळापत्रक वारासकट बघायचं, मग खोल्या. बहुतेक जण आवडलेली खोली आधी धरतात आणि मग तिच्यामागे बोट शोधत बसतात.

आम्ही मधला मार्ग धरला, तेव्हा मिकोनोस आणि मिलोस गेले. मिलोस खोडताना तिला वाईट वाटलं. मलाही वाटलं. लूव्रमधली ती प्रसिद्ध व्हीनस १८२० साली तिथेच सापडली, आणि तिथला पांढराफेक किनारा बघण्यासारखाच आहे. पण मिलोस पश्चिम मार्गावर आहे. त्या मार्गासाठी वेगळी सुट्टी काढावी. आणि ती व्हीनस पारोसच्या संगमरवराची, म्हणजे तिचा दगड तरी आपल्या मार्गावरचा.

जूनचा पहिला आठवडा त्यांनी निवडला तो रजेच्या सोयीनं. पण पाण्याच्या हिशेबानंही तो फार चांगला आहे, आणि त्याचं कारण आपल्या ओळखीचं आहे. आपल्याकडे मे संपता संपता गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटी बंद होतात, १ जूनपासून मासेमारी थांबते. समुद्राशी पुन्हा बोलणं सुरू व्हायचं ते नारळी पौर्णिमेच्या आसपास. एजियन समुद्रावर पाऊस नसतो, पण वारा असतो. मेल्तेमी म्हणतात त्याला. उत्तरेकडून येणारा, कोरडा, स्वच्छ निळ्या आकाशातून वाहणारा. प्राचीन ग्रीक त्याला वर्षाच्या वर्षाला येणारा वारा म्हणत. बाल्कनकडे हवेचा दाब जास्त आणि तुर्कस्तानावर कमी, या फरकातून तो वाहतो. तुर्कस्तानावरचा तो कमी दाब म्हणजे आपल्या मान्सूनला खेचून घेणाऱ्या उन्हाळी कमी दाबाच्या पट्ट्याचंच पश्चिमेकडचं टोक. आपल्याकडे पाऊस जोर धरतो तेव्हाच, जुलै-ऑगस्टमध्ये, तिकडे मेल्तेमी भरात असतो. हे मला कळलं तेव्हा कितीतरी वेळ मी त्या नकाशाकडे बघत बसले होते. कोकणातला बंद समुद्र आणि नाक्सोसच्या धक्क्यावर अडकलेली बोट, दोन्ही एकाच कारणानं.

आणि ती अडकलेली बोट मी पाहिली आहे. आम्ही दोघं गेलो होतो ते जुलैच्या अखेरीस. परतीचं विमान संध्याकाळी, बोट त्याच दिवशी सकाळी. वारा वाढला, तटरक्षकांनी बोटी सोडायला बंदी केली, आणि आम्ही लख्ख उन्हात धक्क्यावर बसून राहिलो. एक ढग नाही आकाशात, आणि समुद्र सगळा पांढऱ्या फेसाचा. विमान गेलं, पैसे गेले. ह्यांनी दिवसभर एक शब्द बोलून दाखवला नाही, पण पहिल्या सहलीचा शेवट तसा व्हायला नको होता. जूनच्या सुरुवातीला अशी बंदी क्वचित येते. तरी ज्या दिवशी विमान, त्या दिवशी बोट ठेवायची नाही, हे मी भाचीकडून कबूल करून घेतलं. अथेन्सच्या दोन रात्री सुरुवातीला होत्या, त्या शेवटी नेल्या. अॅक्रोपोलिस कुठे जात नाही, आणि बोट एक दिवस लांबलीच तर तो दिवस भरून काढायला जागा राहते. सुरुवातीला एकच रात्र, झोपेपुरती.

जूनचे बाकीचे गुण थोडक्यात सांगते. पाणी अजून एकवीस-बावीस अंशांचं असतं, पाय घातल्यावर क्षणभर शहारा येतो आणि मग बाहेर यावंसं वाटत नाही. सूर्य साडेआठनंतर मावळतो. गर्दी ऑगस्टच्या मानानं पुष्कळ कमी. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो, तो शेवटच्या आठवड्यांवर ढकलू नये. खोल्या रद्द करता येण्याजोग्याच घ्याव्यात.

फेऱ्या कमी करा म्हणते, याचा अर्थ पाणी टाळा असा कुणी घेऊ नये. मला नेमकं उलट म्हणायचंय. तीनच फेऱ्या असल्या की त्या घाईनं उरकाव्या लागत नाहीत. वेगवान बोटी असतात, तास-दोन तास वाचवतात, पण त्यांत बहुधा काचेमागे खुर्चीला खिळून बसायचं, आणि वाऱ्यात पहिल्यांदा रद्द होतात त्याही त्याच. मोठी, संथ बोट पिरेयसहून नाक्सोसला पाच-साडेपाच तास घेते. तिला उघडा डेक असतो. तिथे वाऱ्यात बसून दोघांनी एका कपातली कॉफी पीत एकेक बेट आधी धुरकट, मग तपकिरी, मग पांढऱ्या घरांचं होताना बघायचं. जोडप्याला दुसरीकडे कुठे मिळतात असे पाच तास, ज्यात करण्यासारखं काहीच नाही?

सांतोरिनीला तर बोटीनंच पोचावं. विमानानं गेलं की ते एक सुंदर गाव असतं. बोटीनं गेलं की कळतं, आपण ज्वालामुखीच्या तोंडात शिरतोय. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी तो फुटला, मधला भाग खचला, समुद्र आत आला. त्याच पाण्यावरून बोट पुढे जाते. तीनशे मीटरचे कडे भोवती उभे राहतात, लाल, काळे, राखाडी थर एकावर एक, आणि अगदी वर भाकरीवर मीठ भुरभुरावं तशी घरं. डेकवरचा गलका आपोआप थांबतो.

शेवटी पानावर उरलं ते असं: अथेन्स एक, नाक्सोस चार, सांतोरिनी तीन, अथेन्स दोन. तीन फेऱ्या. नाक्सोस चार का, हे तिनं विचारलं. सिक्लाडीसमधलं ते सगळ्यांत मोठं बेट. हजार मीटरचा डोंगर आहे, आत संगमरवरी गल्ल्यांची गावं आहेत, स्वतःचे बटाटे आहेत, चीज आहे. पर्यटक आले नाहीत तरी चालतं असं बेट, म्हणून तिथे राहावंसं वाटतं. शिवाय पारोसला तिथून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं, खोली तीच, बॅगा तिथेच. अशी रिकाम्या हातानं केलेली फेरी मी फेरीत धरत नाही. पारोस खोडल्याचं दुःख त्यावर थोडं कमी झालं.

निघताना दारात चपला घालता घालता तिनं विचारलं, "बोटीत कुठल्या बाजूला बसायचं ग?"

नाक्सोस जवळ आलं की डाव्या कठड्याशी उभे राहा, म्हटलं. बंदराच्या तोंडाशी एका टेकाडावर संगमरवराची नुसती चौकट दिसेल, सहा मीटर उंच, आरपार आकाश. अपोलोच्या देवळाचं दार ते, इ.स.पू. ५३०च्या सुमाराचं. देऊळ पुरं झालंच नाही. मनसोक्त बघा, पण फार वेळ नाही. बोट वळून पाठमोरी धक्क्याला लागते, तोवर सगळे खाली गाड्यांच्या डेकवर बॅगा धरून उभे असतात. साखळ्या खडखडतात, मागचा पत्रा बोट पुरती थांबायच्या आतच खाली यायला लागतो, उजेड आधी पायांवर पडतो, मग खलाशी ओरडतात आणि दोन-चार मिनिटांत सगळ्यांना उतरायचं असतं. एकमेकांचा हात धरा, आणि ओल्या पत्र्यावर जपून.