आधी माप, मग खरेदी

चि. बाळास,


तू घेतलेली १९६७ची एमजीबी निळा धूर सोडते आणि तापल्यावर ऑइलचं प्रेशर उतरतं, म्हणजे इंजिन उघडावं लागणार. तू कोव्हेंट्रीत, मी कोल्हापुरात, तरी हे इंजिन मला परकं नाही. आपल्या जुन्या अँबेसेडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि तुझं १७९८चं, दोन्ही बीएमसीच्या बी सिरीजची. स्ट्रोक तोच, ८८.९ मिमी, बोअर तेवढा ७३ मिमीवरून ८०.२६वर नेला. म्हणून अधिकाराने लिहितो.

तू पिस्टनचा सेट मागवायला निघाला आहेस. थांब. आधी कॉम्प्रेशन बघ. कमी आलं तर प्लगच्या भोकातून थोडं ऑइल टाकून पुन्हा बघ. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर, नाही चढला तर दोष वरच्या हेडमध्ये शोध. उघडताना प्रत्येक रॉड आणि बेअरिंग कॅपवर नंबर आहे का पाहा. नसेल तर खूण कर. हे कॅप एकमेकांत बदलून चालत नाहीत.

बोअर वर, मध्ये, खाली आणि दोन्ही दिशांनी माप. झीज सगळ्यात जास्त वरच्या टोकाला असते, रिंग जिथून परत फिरते तिथे. किती ओव्हरसाइज घ्यायचा ते या मापावरून ठरतं, आणि जेवढ्याने काम भागेल तेवढाच घे. हा बोअर आधीच वाढवलेला, त्यामुळे भिंतीत लोखंड उरलं आहे ते जपायचं. क्रँकचंही तेच. तुझ्या इंजिनाला पाच मेन बेअरिंग आहेत (१९६२च्या पहिल्या गाड्यांना तीनच होती), पाचही जर्नल मायक्रोमीटरने माप, चारही बिग एंडसुद्धा. दहा थाऊ, वीस थाऊ अंडरसाइजचे बेअरिंग मिळतात. ग्राइंडिंग झाल्यावरच मागव.

आता जे बहुतेक लोक उरकून टाकतात ते सांगतो. ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांचे प्लग काढून आत लांब ब्रश फिरव. ग्राइंडिंगची धूळ क्रँकच्या भोकांत बसते, ती धुऊन काढ. साबणाच्या गरम पाण्याने बोअर घास, पांढरं फडकं स्वच्छ निघेपर्यंत, मग लगेच ऑइल लाव, नाहीतर गंज धरेल. नवीन बेअरिंग बिघडवायला एवढीशी कणी पुरते. मला या कामात कौशल्यापेक्षा स्वच्छतेचं मोल जास्त वाटतं.

हेडला तडा आहे का, ते प्रेशर देऊन तपासून घे. शिशाचं पेट्रोल तुमच्याकडे १९९९ अखेर सामान्य विक्रीतून गेलं. बिनशिशाच्या पेट्रोलवर व्हॉल्व्हची जुनी लोखंडी सीट खचते, म्हणून एक्झॉस्टला कडक सीट बसवून घे. रेसचा कॅम मात्र घालू नकोस. ही गाडी खालच्या आरपीएमला ओढते, तेच तिचं सुख आहे, ते घालवू नये. नवा कॅम घातलास तर टॅपेटही नवेच घाल. जुने एकमेकांशी झिजून जुळलेले असतात.

सुरू करण्याआधी प्लग काढून स्टार्टर फिरव, प्रेशरचा काटा उठेपर्यंत. काटा उठला नाही तर पुढे जाऊ नकोस. पंपात ऑइल भरलं आहे का बघ. मग इंजिन लागताच आयडलवर सोडू नकोस. नवा कॅम असेल तर वीस मिनिटं दोन हजारांच्या वर ठेव, झिंकचं ऑइल घालून, कारण कॅमला तेल उडूनच मिळतं.

ब्लॉक मशिनशॉपला द्यायच्या आधी मापांचा कागद मला पाठव. बोअरची मापं वेगळी, क्रँकची वेगळी लिही, आणि कुठल्या दिशेने घेतलीस तेही.

तुझा,
मामा