काच पुसणारा हात

दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून ग्वाल्हेरचा ‘लष्कर’ हा भाग वाढला. तिथल्या दौलतगंजात उन्हाळ्याची लू खिडक्यांवर धुळीचा थर बसवते. काच कशानं पुसावी, कागदानं, व्हिनेगरनं की रबरी पट्टीच्या वायपरनं, यावर घरोघरी मतं आहेत. माझ्या मते पाहावा तो हात. कोरडी धूळ आधी अलगद झटकली का? तशीच घासली तर तिचे कण काचेवर चरे पाडतात. भर उन्हात पाणी पुसण्याआधीच सुकतं आणि त्यातले क्षार डाग होऊन चिकटतात, म्हणून जाणता माणूस उन्हं चढण्याआधी कामाला लागतो. प्रत्येक ओढीनंतर तो पट्टी पुसतो, फडक्याचं टोक बोटावर घेऊन कोपरे काढतो. त्याला जुनं वर्तमानपत्रही पुरतं. असं कुणी आज तुमच्याकडे आलं, तर त्यांना घाई करू नका.