पंक्तिप्रपंच कशास म्हणावे?

पंगतीत बसलेल्या सर्वांस सारखे वाढावे, हा आपल्या गृहस्थधर्माचा पहिला पाठ आहे. एकाच्या पानावर तुपाची धार आणि शेजारच्याच्या पानावर नुसता त्याचा वास, असे करणाऱ्या यजमानास आपल्या वाडवडिलांनी पंक्तिप्रपंचाचा दोष लावला, आणि तो दोष लहान मानला नाही. देवाच्या दारी तर हा नियम अधिकच कडक. महाशिवरात्रीस आपल्या लांजीत कोटेश्वरापुढे रीघ लागते, तीत धानाचा शेतकरी, पेठेतील व्यापारी, कचेरीतील अधिकारी आणि रोजमजूर एकामागे एक उभे असतात. तेथे हातावर पडणारा प्रसादाचा कण सर्वांस एकच. वयाची सत्तरी ओलांडेपर्यंत या नियमाविषयी माझ्या मनात कधी शंका उद्भवली नाही. ती उद्भवली एका अडीच वर्षांच्या मुलीमुळे. आणि तीत माझा स्वतःचा अपराध गुंतलेला असल्यामुळे तो आधी सांगणे प्राप्त आहे.

मंदिराच्या सभामंडपात रविवारी सकाळी लहान लेकरांचा शिशुवर्ग भरतो. त्या दिवशी वर्गातील एका मुलाचा वाढदिवस होता. त्याच्या घरून शेंगदाण्याचे लाडू आले होते. ते देवापुढे ठेवून वाटण्याचे काम माझ्याकडे होते. वाटता वाटता मी त्या मुलीपाशी आलो, तोच तिची आई हलक्या आवाजात म्हणाली, “काकाजी, हिला शेंगदाणा चालत नाही. डॉक्टरांनी बंद केला आहे.” मी हसून म्हणालो, “अगं पोरी, देवाचा प्रसाद आहे हा. प्रसादाला नाही म्हणू नये. कणभराने काय होते?” आणि ती पुढे काही बोलण्यापूर्वीच मी लाडवाचा कण मुलीच्या तोंडात घातला.

दहा मिनिटे झाली नसतील. मुलीचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, खोकला सुरू झाला आणि श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. आईने तिला उचलले, दोघे तरुण मोटार घेऊन धावले, दवाखान्यात सुई टोचली गेली. परमेश्वराची कृपा म्हणून मूल वाचले. त्या आईने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. दिला असता तर माझे ओझे काहीसे हलके झाले असते.

परंतु खरा प्रश्न मला पुढच्या रविवारी पडला. मायलेकी आल्या. प्रसादाची वेळ होताच आईने मुलीला उचलून खांबाआड नेले आणि घरून आणलेल्या डब्यातले काही तिला भरवू लागली. इतर मुले ओळीत बसून ओंजळ पुढे करीत होती. ही मुलगी मान वळवून वळवून त्यांच्याकडे पाहत होती. तिनेही आपली ओंजळ पुढे केलेली होती, पण त्या ओंजळीसमोर कोणी नव्हते.

आदल्या रविवारी मी सर्वांना सारखे वाढले, आणि एक जीव जाता जाता वाचला. त्या रविवारी तिला वेगळे वाढले गेले, आणि ती पंगतीबाहेर पडली. मग पंक्तिप्रपंच कोणता? पहिला की दुसरा?

प्रथम माझ्या वाक्यातील “प्रसादाला नाही म्हणू नये” या भागाचा विचार करू. ही समजूत आपल्या मनात बहुतांशी श्रीसत्यनारायणाच्या कथेतून रुजली आहे. कलावती प्रसाद न घेता पतीला भेटण्यास धावली आणि नौकेसह पती दिसेनासा झाला. तुंगध्वज राजाने गोपांनी दिलेला प्रसाद टाकला आणि त्याचे पुत्र व वैभव नष्ट झाले. पण या कथा बारकाईने पाहाव्यात. राजाने प्रसाद नाकारला तो गर्वाने. गवळ्यांच्या हातचे आपण काय घ्यावे, हा त्याचा भाव. कलावतीचा प्रसाद राहिला तो उतावळेपणात, देवाच्या विस्मरणाने. दोघांचाही दोष मनाचा आहे, पोटाचा नव्हे. ज्या लेकराचे शरीरच एखादा पदार्थ साहू शकत नाही, त्याच्या आईचे “नको” हे गर्व नव्हे आणि विस्मरणही नव्हे. तो तिच्या मातृधर्माचा उच्चार आहे. गर्व त्या दिवशी कोणाच्या ठायी असेल, तर तो माझ्या ठायी होता. डॉक्टरांपेक्षा आणि जन्मदात्रीपेक्षा मला अधिक कळते, असे मी गृहीत धरले होते.

आता “कणभराने काय होते?” हा भाग. 1902 साली फ्रान्समध्ये शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांनी एक विलक्षण गोष्ट नोंदविली. समुद्रातील एका प्राण्याचे विष ज्या कुत्र्यांनी पहिल्या वेळी सहन केले होते, त्यांतील काही दुसऱ्या वेळी अगदी अल्प मात्रेनेच मरण पावले. शरीराची रक्षणव्यवस्था एखाद्या पदार्थास एकदा शत्रू मानून बसली, म्हणजे पुढे मात्रेचा हिशेब राहत नाही, हे त्यातून उमगू लागले. या शोधाबद्दल रिशे यांस 1913 साली नोबेल पारितोषिक मिळाले. ‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी 1906 साली योजला. तेव्हा हे अलीकडचे फॅड आहे, पूर्वी असले काही नव्हते, असे जे आपण वडीलधारी म्हणतो, ते खरे नव्हे. पूर्वीही मुले निळी पडत. आपण त्यास दृष्ट लागली म्हणत असू आणि मीठमोहऱ्या ओवाळीत असू.

आपल्या वैद्यकशास्त्राने तर याहून व्यापक दृष्टी दाखविली आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात आहाराचा विचार करताना ज्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत, त्यांत अखेरची आहे उपयोक्ता, म्हणजे खाणारा. पदार्थ कोणता, किती, कोणत्या काळी, कोणत्या देशी, एवढे पाहून भागत नाही. तो कोणाच्या मुखी जाणार, हेही पाहावे लागते. आजची ॲलर्जी आणि आयुर्वेदातील असात्म्य या एकच गोष्टी आहेत असे मी म्हणत नाही. परंतु अन्न चांगले की वाईट हे खाणाऱ्याला वगळून ठरत नाही, हे तत्त्व दोहोंस समान आहे.

येथे कोणी विचारील: एका मुलीसाठी उरलेल्या तीस मुलांनी लाडू का सोडावा? हा न्याय कसा? प्रश्न रास्त आहे, आणि भावनेच्या भरात तो उडवून लावणे बरे नव्हे. परंतु तराजूच्या दोन पारड्यांत काय काय पडते ते पाहावे. एका पारड्यात तीस मुलांचा एका घटकेचा एक पदार्थ, जो त्यांस घरी केव्हाही मिळू शकतो. दुसऱ्या पारड्यात एका मुलीचा श्वास. आणि श्वास सांभाळून तिला बाजूस बसविले, तर आपण या मंडळींतली नाही ही जाणीव, जी अडीच वर्षांच्या वयात मनात उतरते आणि सहसा पुसली जात नाही. या दोन गोष्टी सारख्या वजनाच्या नाहीत. पंक्तिप्रपंचाचा निषेध करणाऱ्यांना पदार्थाची समता अभिप्रेत नव्हती. मानाची समता अभिप्रेत होती. सर्वांच्या पानावर एकच पदार्थ हे त्या मानाचे चिन्ह. चिन्ह राखण्यासाठी मूळ गोष्टीचाच बळी देणे याला धर्म कसे म्हणावे? म्हणून माझ्या मते नियम मोडावयाचा नाही, तर खोल न्यावयाचा आहे. सर्वांस सारखे वाढावे हे खरेच. पण जे सर्वांस चालेल तेच सर्वांसाठी शिजवावे. पंगत आखावयाची ती तिच्यातल्या सर्वांत नाजूक जिवाकडे पाहून.

आपल्या जुन्या घरांतून यासाठी लागणारी शिस्त एके काळी होतीच. सोवळ्यातला स्वयंपाक करणारी आजी वेगळे भांडे, वेगळा डाव, धुतलेला हात यांविषयी किती दक्ष असे! तीच दक्षता येथे हवी. दाण्याच्या लाडवांचा हात तसाच केळ्याला लागला, किंवा एकच डाव दोन पातेल्यांत फिरला, तर निवडून केलेला पदार्थही निर्धोक राहत नाही. मात्र एक भेद विसरू नये. सोवळ्याच्या नावाखाली आपण माणसांना दूर लोटले, हा आपला इतिहास आहे आणि तो भूषणावह नाही. हे नवे सोवळे पदार्थाचे असावे, मुलाचे नव्हे. ॲलर्जी संसर्गाने जडत नाही. त्या मुलीजवळ बसल्याने, तिच्याशी खेळल्याने कोणाला काही होत नाही. तिला खांबाआड बसविणे म्हणजे जुनेच पाप नव्या नावाने करणे होय.

दुसरी गोष्ट सांगण्याची. भुलाबाईच्या दिवसांत आपल्याकडे मुली खिरापत ओळखतात. डबा झाकलेला, आत काय आहे ते तर्काने सांगावयाचे. किती गोड खेळ! पण ज्या मुलीला दाणा किंवा तीळ विषासमान आहे, तिच्या आईस प्रत्येक समारंभाचा डबा हा असाच झाकलेला असतो. आणि तेथे तर्क चुकला तर खेळ राहत नाही. 2016 साली इंग्लंडमधील नताशा एडनन-लापेरूझ ही पंधरा वर्षांची मुलगी, वेष्टनावर उल्लेख नसलेले तीळ पावात असल्यामुळे, विमानप्रवासात अत्यवस्थ होऊन पुढे दगावली. तिच्या मातापित्यांनी शोकास कार्याचे रूप दिले आणि 1 ऑक्टोबर 2021 पासून तेथे दुकानातच तयार करून बांधून ठेवलेल्या खाद्यावरही सर्व घटक लिहिणे बंधनकारक झाले. आपल्या देशातही बांधीव खाद्याच्या वेष्टनावर दूध, गहू, शेंगदाणा, सोयाबीन इत्यादींची सूचना असावी लागते. पण घरून येणाऱ्या डब्याला वेष्टन नसते. तेथे आपली जीभ हेच वेष्टन. म्हणून डबा आणणाऱ्याने न विचारता सांगावे: यात दाणे आहेत, यात रवा आहे, हे घाण्याच्या शेंगतेलात तळले आहे.

मग लेकरांपुढे ठेवावे तरी काय? सुदैवाने आपला प्रदेश धानाचा आहे. भिजवलेल्या पोह्यांत ओले खोबरे आणि गूळ. मऊ भाताची गुळाची खीर, दुधाऐवजी नारळाच्या रसात. उकडून कुसकरलेले रताळे. तळ्यातला शिंगाडा उकडून, सोलून, बारीक करून. पिकलेले केळे, पपई. द्राक्षे दिलीच तर लांबट चिरून. यांपैकीही एखादे कोणास बाधू शकते, म्हणून वर्गात नाव घालतानाच आईबापांस विचारून एक यादी करावी आणि ती वाटणाऱ्याच्या हाती असावी. पंचामृत, शिरा, पेढा यांत दूध, तूप, गहू, काजू असतात हे ध्यानी ठेवावे. वर्षाच्या आतील बाळास मध मुळीच देऊ नये. आणि अख्खे दाणे, फुटाणे, कडक चिक्की ही या वयाच्या कोणत्याच मुलास देऊ नयेत, कारण ती घशात अडकतात. सर्वांस चालेल असा पदार्थ कधी जमलाच नाही, तर त्या मुलाचा वेगळा घास त्याच थाळीच्या शेजारी, स्वतंत्र झाकलेल्या वाटीत, देवापुढे ठेवावा आणि त्याच ओळीत, त्याच वेळी द्यावा; मात्र वाटणाऱ्याने आधी हात धुवावेत आणि तो घास पहिला द्यावा. तो पहिला दिला म्हणजे सुरक्षितही राहतो आणि मानाचाही होतो.

आईबापांकडेही काही कर्तव्य येते. मुलाला एखादी वस्तू आवडत नाही, किंवा कधीतरी पोट बिघडले, एवढ्यावरून तिला ॲलर्जी म्हणू नये. वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. खोटी सूचना चार वेळा ऐकली, की पाचव्या वेळी खरीकडेही दुर्लक्ष होते. उलट, निष्कारण भीतीने निरोगी बाळापासून सर्व पदार्थ दूर ठेवणेही हिताचे नाही. लंडनमध्ये झालेल्या आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात असे दिसले, की धोक्याच्या गटातील बाळांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली लवकर शेंगदाण्याचा पदार्थ चाखविला असता त्यांच्यात पुढे ती ॲलर्जी पुष्कळ कमी प्रमाणात उद्भवली. परंतु हे काम डॉक्टरांचे. सभामंडपात लाडू वाटणाऱ्या म्हाताऱ्याचे नव्हे. आणि कधी ओठ सुजून श्वास कोंडू लागलाच, तर तुळशीचा रस शोधत बसू नये. डॉक्टरांनी ॲड्रिनलिनची सुई घरी दिली असेल तर ती तत्काळ मांडीत टोचावी, मुलाला निजवावे किंवा श्वासासाठी टेकून बसवावे, चालवू नये, आणि 108 क्रमांकास हाक द्यावी.

गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंताने स्वतःसाठी काय मागितले आहे? पान, फूल, फळ, पाणी. ज्याने आपला नैवेद्य इतका साधा ठेवला, त्याच्या नावाने आपण एका लेकराच्या मुखात त्याला न सोसणारा घास कोंबावा, हे त्याला आवडले असेल काय?

त्यानंतरच्या रविवारी शिशुवर्गात गूळपोह्यांचा प्रसाद झाला. घटकांची नावे मी आधी मोठ्याने सांगितली. मग त्या आईकडे पाहिले, तिने मान हलविली, तेव्हा मी पुढे झालो. मुलगी ओळीत, दोन मुलांच्या मध्ये बसली होती. तिने ओंजळ पुढे केली. मी त्या ओंजळीत पोहे घातले तेव्हा माझा हात कापत होता. तिला अर्थातच त्याचे काही नव्हते. तिने शेजारच्या मुलाच्या ओंजळीत डोकावून पाहिले, आपल्या ओंजळीत पाहिले, दोन्हीकडे तेच आहे अशी खात्री करून घेतली, आणि मग ती खाऊ लागली.