पात्राचा दगा, खेळाडूची माफी

टेबलाभोवतीच्या रोल-प्लेइंग खेळात चार-सहा माणसे मिळून एक गोष्ट रचतात. प्रत्येक खेळाडू एका पात्राच्या वतीने बोलतो आणि निर्णय घेतो, गेममास्टर उरलेले सगळे जग सांभाळतो आणि निकाल अनिश्चित असेल तिथे फासे टाकले जातात. हारजीत अशी नसते. खेळ एका बैठकीत संपतही नाही, एकेक मोहीम महिनोन्‌महिने आणि कधी वर्षानुवर्षे चालते. त्यामुळे एका पात्राने दुसऱ्याचा केसाने गळा कापला, तर ती घटना त्या रात्रीपुरती राहत नाही. पुढच्या बैठकीला तीच माणसे त्याच टेबलाशी येणार असतात आणि एकमेकांच्या भरवशावर पुन्हा अंधाऱ्या गुहेत शिरणार असतात.

दगाबाजी या खेळाच्या जन्मापासूनच त्यात आहे. १९६९ मध्ये अमेरिकेतील मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांत डेव्हिड वेस्ली यांनी ‘ब्राउनस्टाइन’ नावाचा प्रयोग केला. नेपोलियनच्या काळातील एक काल्पनिक प्रशियन गाव घेऊन त्यांनी खेळाडूंच्या हाती फौजांऐवजी एकेक माणूस दिला. कोणी महापौर झाला, कोणी बँकवाला, कोणी विद्यापीठाचा प्रमुख. प्रत्येकाचा हेतू वेगळा होता आणि बरेचसे हेतू एकमेकांच्या आड येणारे होते. खेळाडू उठून कोपऱ्यात गेले आणि मसलती करू लागले. या मंडळींतल्या डेव्ह आर्नेसन यांनी पुढे ‘ब्लॅकमूर’ हे स्वतःचे जग उभे केले. १९७४ मध्ये त्यांचा आणि गॅरी गायगॅक्स यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला. पहिली छपाई १,००० प्रतींची होती.

या नव्या खेळात शत्रू बाहेर गेला आणि खेळाडू एका टोळीत आले. नियमांत मात्र एक फट राहिली. सुरुवातीच्या काळात गुहेतून आणलेल्या एका सोन्याच्या नाण्यामागे अनुभवाचा एक गुण मिळे. त्यामुळे लुटीची वाटणी हा पैशापुरता प्रश्न राहिला नाही, पात्राची वाढच तिच्यावर ठरू लागली. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत चोर हे पात्र आले. खिसे कापण्याचे कौशल्य त्याला नियमानेच दिलेले होते, आणि सगळ्यांत जवळचे खिसे सोबत्यांचेच असत.

दगा झाला म्हणजे नेमके काय झाले, हे ठरवायला समाजशास्त्रज्ञ गॅरी अॅलन फाइन यांची मांडणी उपयोगी पडते. त्यांनी मिनियापोलिस परिसरातल्या गटांत स्वतः बसून निरीक्षण केले आणि १९८३ मध्ये ‘शेअर्ड फँटसी’ हे पुस्तक लिहिले. समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांच्या ‘चौकट’ या कल्पनेच्या आधारे त्यांनी टेबलाशी बसलेल्या प्रत्येकात तीन थर दाखवले: व्यक्ती, खेळाडू आणि पात्र. व्यक्तीला घर, नोकरी, मैत्री आणि जुनी भांडणे असतात. खेळाडूला नियम आणि फासे ठाऊक असतात. पात्राला केवळ त्याचे जग माहीत असते.

पात्राच्या थरावरचा दगा म्हणजे टोळीतल्या हेराने राजाची मोहोर शत्रूला विकणे. असा दगा बऱ्याचदा मोहिमेतला सगळ्यांत रंगतदार प्रसंग ठरतो, आणि ज्याच्या पात्राचा घात झाला तो खेळाडूही त्यावर खूश असतो. खेळाडूच्या थरावर दगा होतो तो फाशाचा आकडा खोटा सांगून, गेममास्टरचे टिपण चोरून वाचून, किंवा वाटून घ्यायचे ठरलेले गुपचूप आपल्या नावावर लिहून. व्यक्तीच्या थरावरचा सगळ्यांत वाईट. मैत्रीत आलेल्या कडूपणाचा सूड मित्राच्या पात्राला मारून घेतला जातो, किंवा विश्वासाने सांगितलेली खासगी व्यथा पात्राच्या तोंडी घालून सर्वांसमोर वापरली जाते. गोष्टीत या तिन्हींची नोंद मात्र एकाच वाक्यात होऊ शकते: एका पात्राने दुसऱ्याला फसवले. पुढचा बहुतेक गोंधळ या एका वाक्यातून निघतो.

डच इतिहासकार योहान हाउझिंगा यांनी १९३८ च्या ‘होमो लुडेन्स’मध्ये खेळात फसवणारा आणि खेळ मोडणारा यांत फरक केला होता. रडीचा डाव खेळणारा निदान खेळ मानल्याचे सोंग तरी टिकवतो. खेळ मोडणारा ते जगच नाकारतो. खोटा आकडा सांगणारा पहिल्या जातीचा. खासगी हिशेब चुकवायला खेळ वापरणारा दिसतो पहिल्यासारखाच, पण असतो दुसऱ्या जातीचा. म्हणून त्याच्या कृत्यावर नियमांच्या पुस्तकात उपाय सापडत नाही.

दगा दिल्यावर हमखास ऐकू येणारा बचाव असा: “माझं पात्र असंच वागलं असतं.” हा बचाव अपुरा आहे. पात्राला स्वतःची इच्छा नसते. त्याच्या स्वभावात बसतील अशा अनेक कृती त्या क्षणी शक्य असतात आणि त्यांतली एक खेळाडू निवडतो. चोर चोरी करणारच हे खरे. पण कोणाची, केव्हा आणि पुढे पश्चात्तापाला जागा ठेवून की न ठेवता, हे चोर ठरवत नाही. तरीही हा बचाव सरसकट लबाडीचा मानणे अन्यायाचे होईल. पात्राशी इमान राखण्यातूनच या खेळातले उत्तम क्षण निर्माण होतात. कृती करण्यापूर्वी समोरच्या माणसाला खेळायला काही उरते आहे का, हे त्या खेळाडूने पाहिले होते की नाही, यावरून खरेखोटे बरेचसे कळते.

दगा हाच ज्यांचा विषय आहे असे खेळ या बाबतीत बरेच शिकवतात. अॅलन कॅलहॅमर यांनी १९५९ मध्ये स्वखर्चाने ५०० प्रती काढलेल्या ‘डिप्लोमसी’ या पटावरच्या खेळात सात सत्ता तोंडी करार करतात, पण ते पाळण्याची सक्ती कोणावरच नसते. १९८४ च्या ‘पॅरानोया’त प्रत्येक पात्र देशद्रोही शोधायला नेमलेले असते आणि प्रत्येक पात्र गुपचूप स्वतःच देशद्रोही असते. प्रत्येकाला सहा देह मिळतात, म्हणून मरण हलके होते. या दोन्हींत घाताचे सावट सर्वांना आधीच मान्य असते. सर्वांत विचारपूर्वक मांडणी टिमथी क्लाइनर्ट यांच्या ‘द माउंटन विच’ची (२००५) आहे. फुजी पर्वत चढणाऱ्या, धनी गमावलेल्या सामुरायांच्या या गोष्टीत विश्वास हा मोजता येणारा आकडा आहे. एका खेळाडूने दुसऱ्यावर टाकलेले विश्वासाचे गुण दुसरा त्याच्या मदतीसाठी वापरू शकतो किंवा त्याच्याच विरुद्ध. दगा देण्याची ताकद दगा झालेल्याने स्वतःच दिलेली असते, आणि ती किती द्यायची हेही त्यानेच ठरवलेले असते.

सर्वसाधारण मोहिमेत अशी सोय नसते, ती बोलून करावी लागते. मोहिमेपूर्वीच्या या बोलण्याला खेळाडू ‘सेशन झीरो’ म्हणतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०२० च्या एका पुस्तकात त्यासाठी स्वतंत्र भाग आहे. पात्रांनी एकमेकांवर शस्त्र उचलायचे का, चोरी चालेल का, मेलेल्या पात्राचे काय करायचे, हे तिथे ठरते. त्याहून धाडसी रीत म्हणजे घात होणाऱ्या खेळाडूला तो आधीच सांगणे: गुपित पात्रापासून राहते, माणसापासून राहत नाही. यात मजा जाते ही तक्रार फारशी टिकत नाही. कर्णाच्या रथाचे चाक रुतणार हे ठाऊक असलेला श्रोताही कीर्तनात श्वास रोखून बसतो.

माफीचा विचार ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या नियमांत फार पूर्वी आला आहे. १९७८ च्या खेळाडूंच्या पुस्तकात पॅलाडिन या व्रतस्थ योद्ध्यासाठी दोन वेगळे निकाल होते. त्याने शिस्त मोडली, तर सातव्या किंवा वरच्या पातळीच्या धर्मगुरूसमोर कबुली देऊन तो सांगेल ते प्रायश्चित्त घ्यायचे. जाणूनबुजून दुष्कृत्य केले, तर पॅलाडिनपण तत्क्षणी आणि कायमचे गेले. प्रायश्चित्ताचा मंत्रही नकळत किंवा इच्छेविरुद्ध घडलेल्या कृत्यांपुरताच चाले. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत जाणूनबुजून केलेल्या पापानंतरही परतीचा मार्ग उघडला. हा बदल चांगला होता. परतीची आशा नसेल तर कबुलीही कोणी देत नाही.

पण धर्मगुरूचा मंत्र पात्रालाच लागू पडतो. नाते ज्या थरावर तुटले असेल त्याच थरावर ते जोडावे लागते. मित्राला दुखावणाऱ्याच्या पात्राला गेममास्टरने दरीत ढकलले, तर व्यक्तीची जखम तशीच राहते आणि तिच्यावर नवा अपमान चढतो. उलट, निव्वळ गोष्टीतल्या फितुरीबद्दल खेळाडूला खरीखुरी माफी मागायला लावणे म्हणजे चांगल्या खेळाला शिक्षा देणे. थर नेहमी स्वच्छ वेगळे राहतात असेही नाही. पात्राची भावना खेळणाऱ्यात झिरपते, याला खेळरचनाकार एमिली केअर बॉस यांनी २००७ मध्ये ‘ब्लीड’ हा शब्द दिला. म्हणून मोठ्या घातानंतर खेळ थांबवून पात्रांची नावे बाजूला ठेवायची आणि थोडा वेळ माणसांनी माणसांशी बोलायचे, ही रीत अनेक गटांनी धरली आहे.

असे बोलणे झाले नाही तर सुडाची साखळी सुरू होते. मेलेल्या पात्राचा खेळाडू नवे पात्र घेऊन येतो, आणि त्या नवख्याला कधीही न भेटलेल्या मारेकऱ्याचा कारणाशिवाय राग असतो. राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट अॅक्सलरॉड यांच्या १९८४ च्या पुस्तकाने ‘जशास तसे’ ही चाल वारंवार भेटणाऱ्यांत सहकार्य टिकवते हे दाखवले. पण ती खेळणारे दोघे समोरासमोर असताना एखाद्याची चाल चुकून वाईट पडली, तर परतफेडींना अंत राहत नाही, आणि अधूनमधून एखादा वार सोडून देणारी चाल तिथे सरस ठरते. राजकीय विचारवंत हॅना अॅरेंट यांनी १९५८ मध्ये हेच वेगळ्या अंगाने मांडले: शिक्षा आणि क्षमा या दोन्ही अशा गोष्टी आहेत, की ज्यांच्यामुळे एरवी अखंड चालत राहिले असते ते संपते. झालेले परत फिरवता येत नाही म्हणून क्षमा लागते आणि उद्याचे सांगता येत नाही म्हणून वचन लागते, असे त्यांनी म्हटले आहे.

या खेळात मात्र झालेले परत फिरवता येते, हा त्याचा विलक्षण गुण आहे. गटाने ठरवले तर मागची बैठक घडलीच नाही असे धरता येते. मेलेले पात्र उठते, चोरलेली तलवार परत मिळते. हा उपाय मोहाचा आहे आणि फाशाच्या किंवा नियमाच्या चुकीसाठी योग्यही. जाणूनबुजून केलेल्या घातासाठी तो वापरला तर गोष्टीतले पान कोरे होते, पण टेबलाशी बसलेल्यांची आठवण कोरी होत नाही. शिवाय, जे घडलेच नाही त्याची माफी मागता येत नाही आणि देताही येत नाही. म्हणून घात गोष्टीत राहू द्यावा आणि त्याचे ओझे पात्रांनी पुढे वाहावे, हे बहुधा अधिक हिताचे.

बोलण्याच्या वेळी गेममास्टरला न्यायाधीश करू नये. त्याच्याकडूनही दगा होऊ शकतो: पडद्याआडचा फासा आवडत्या खेळाडूसाठी बदलणे, किंवा दिलेले वचन कथानकाच्या सोयीसाठी मोडणे. दुखावलेल्याने आधी बोलावे, दगा देणाऱ्याने पात्राचे नाव न घेता “मी” म्हणून उत्तर द्यावे, आणि भरपाई ठोस असावी. लूट परत करणे, घातकी पात्र गेममास्टरच्या हवाली करून नवे घेणे, किंवा पुढच्या काही बैठकी घात झालेल्या पात्राच्या शोधाला देणे, हे त्यातले रुळलेले प्रकार. माफीची मुदत मात्र दुखावलेल्यानेच ठरवायची. गटाने घाई केली तर तो दुसरा दगा होतो.

कधी माफी मिळते, पण एकत्र खेळणे पुन्हा जमत नाही. तेव्हा खेळाडू गट सोडतो आणि त्याचे पात्र उरते. काही गट त्याला पहिल्याच लढाईत मारून टाकतात. काही गट ते दूरच्या बंदराकडे निघून गेले एवढेच वहीत लिहितात आणि त्याच्या नोंदींचा कागद बाकीच्यांच्या कागदांतच ठेवतात.