भिंतीवरचं अर्धं वाक्य

३ ऑक्टोबर १९७९ रोजी चिलीची राजधानी सांतियागोमधल्या ला ग्रांहा या गरीब वस्तीत पाच जणांनी दूध वाटलं. अर्ध्या लिटरच्या शंभर पिशव्या. वाटणाऱ्यांमध्ये राऊल सुरिता हा कवी होता, दियामेला एल्तित ही लेखिका, लोती रोसेनफेल्द आणि हुआन कास्तियो हे दृश्यकलावंत, आणि फेर्नान्दो बाल्सेल्स हा समाजशास्त्रज्ञ. पिशवीवर मजकूर काय, तर अर्धा लिटर दूध. लष्करी राजवट येऊन सहा वर्षं झाली होती. पक्ष बंद, सभा बंद, पुस्तक छापायचं तर आधी सरकारची परवानगी. पण दूध वाटण्यात आक्षेपार्ह ते काय?

ला ग्रांहातल्या कुठल्याही आईला मात्र तो आकडा लगेच कळला असणार. साल्वादोर आयेंदे पेशानं डॉक्टर होते. देशातल्या प्रत्येक मुलाला रोज अर्धा लिटर दूध, हे त्यांचं १९७०च्या निवडणुकीतलं वचन होतं आणि सत्तेवर आल्यावर त्यांनी ते अमलातही आणलं. ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्करानं उठाव केला. स्वतःच्याच देशाच्या विमानांनी ला मोनेदा या राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादावर बॉम्ब टाकले, आयेंदे तिथेच गेले आणि जनरल पिनोशे यांची सत्ता सुरू झाली. त्यानंतर ज्या माणसाचं नाव उघडपणे घेणं धोक्याचं झालं, त्याचा नुसता आकडा या पाच जणांनी पिशवीवर छापला होता.

पुढची दोन पावलंही सांगायला हवीत. काही पिशव्या गॅलरीत एका बंद पेटीत ठेवून त्यांतलं दूध नासू दिलं. मग १७ ऑक्टोबरला दुधाच्या दहा गाड्या शहरातून रांगेनं नेऊन राष्ट्रीय ललितकला संग्रहालयापुढे उभ्या केल्या आणि संग्रहालयाच्या दारावर भलंमोठं पांढरं कापड ओढून ते झाकून टाकलं. दुधाचं राजकारण आपल्याकडेही काही कमी नाही. भाव मिळेना म्हणून रस्त्यावर ओतलेलं दूध महाराष्ट्रानं अनेकदा पाहिलंय. पण आपण त्याला आंदोलन म्हणतो आणि कला वेगळ्या सभागृहात शोधतो. सांतियागोच्या या गटाला, ‘कादा’ला, नेमकी तीच भिंत पाडायची होती.

अशा कामाबद्दल मराठीत बोलायला लागलं की दोन मतं हमखास पुढे येतात. पहिलं असं, की निषेध करायचाय ना, मग तो साध्या, रोखठोक भाषेत करा. सामान्य माणसाला कळत नाही त्याचा उपयोग काय? मर्ढेकरांपासून आपण दुर्बोधतेवर वाद घालतोय, तेव्हा हे मत आपल्या अंगवळणी पडलंय. दुसरं मत नेमकं उलट, आणि कलावंतांमध्ये जास्त लाडकं: प्रयोग हाच मुळात बंड असतो, रूढ रूप मोडणारा आपोआपच सत्तेच्या विरोधात उभा राहतो.

मला हे दुसरं मत पहिल्यापेक्षा जास्त फसवं वाटतं. मारिनेत्तीनं १९०९मध्ये भविष्यवादाचा जाहीरनामा काढला तेव्हा त्याच्याइतकी प्रयोगशील कविता युरोपात क्वचितच कुणी लिहीत होतं, आणि त्या जाहीरनाम्यात युद्धाचा उघड गौरव होता. हा गृहस्थ पुढे मुसोलिनीबरोबर गेला. चिलीचंच उदाहरण हवं असेल तर रोबेर्तो बोलान्यो या चिलीच्या कादंबरीकाराचं घ्या. सुरितानं जून १९८२मध्ये न्यूयॉर्कच्या आकाशात विमानांच्या धुरानं पंधरा ओळींची स्पॅनिश कविता लिहिली. शहरातल्या स्थलांतरितांची भाषा, आणि पान म्हणून आकाश! कल्पना भव्य होती. बोलान्योनं १९९६च्या ‘दूरचा तारा’ या कादंबरीत हीच कल्पना उचलली आणि तिचा नायक केला पिनोशेच्या हवाई दलातला एक वैमानिक. तो आकाशात कविता लिहितो, आणि जमिनीवर बायकांचे खून करून त्यांच्या छायाचित्रांचं प्रदर्शन भरवतो. सुरिताच्या चाहत्यांना हा घाव वर्मी लागावा असाच आहे. मला तो न्याय्य वाटतो. आकाशात लिहिणं हे काही कुणा एका बाजूच्या मालकीचं नाही. बॉम्ब टाकणारी विमानंही त्याच आकाशातून आली होती.

रिकाम्या भांड्यांची गोष्ट याहून बोलकी आहे. डिसेंबर १९७१मध्ये सांतियागोच्या रस्त्यांवर रिकामी पातेली बडवत ज्या बायका उतरल्या, त्यांतल्या बऱ्याचशा सुखवस्तू घरांतल्या होत्या आणि त्यांचा राग आयेंदेंवर होता. मे १९८३मध्ये तांबे खाण कामगारांच्या हाकेवरून राष्ट्रीय निषेधदिन पाळला गेला तेव्हा तीच भांडी पिनोशेच्या विरोधात वाजू लागली. आपल्याकडे मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध लाटणी हातात घेतलेले मोर्चे काढले, आणि टाळी-थाळीचे सरकारी कार्यक्रमही आपण पाहिले. भांडं कुणाच्याही हातात वाजतं.

मग निषेधाची कला जोखायची कशावरून? मला एकच कसोटी टिकाऊ वाटते. कलावंतानं काम पुरं करून समोर ठेवलं, की त्यातला एखादा महत्त्वाचा भाग इतरांनी करण्यासाठी मोकळा सोडला? आणि तो भाग करणं लोकांना जमण्यासारखं होतं का? या मापानं पाहिलं तर चिलीच्या त्याच पाच माणसांची कामं एकमेकांपासून फार दूर जाऊन पडतात.

सुरितापासूनच पाहू. उठावाच्या सकाळी वालपराइसोमध्ये अभियांत्रिकी शिकणाऱ्या या २३ वर्षांच्या मुलाला पकडलं आणि ‘मायपो’ नावाच्या मालवाहू जहाजाच्या तळघरात शेकडो कैद्यांबरोबर कोंबलं. जवळच्या कवितांची बाडं सैनिकांनी समुद्रात फेकली. १९७५मध्ये त्यानं स्वतःचा गाल जाळून घेतला. १९७९च्या त्याच्या पहिल्या संग्रहाच्या, ‘शुद्धिलोका’च्या, मुखपृष्ठावर त्या व्रणाचं छायाचित्र आहे. आत कविता आहेत, पण मानसोपचाराचं एक पत्रही आहे, आणि शेवटी मेंदूच्या विद्युत-आलेखाच्या पट्ट्या छापून त्यांवर ओळी टाकल्या आहेत. आलेखाची सुई वरखाली होत जाते आणि तिच्या अंगावर ओळ. बोलणंच बंद झालेल्या माणसाकडून आणखी काय निघेल, असं ती पानं पाहताना वाटतं. चिलीच्या कवितेत या पुस्तकाचं मोल मोठं आहे, यात मला शंका नाही. पण १९८०मध्ये त्यानं डोळ्यांत अमोनिया ओतून स्वतःला आंधळं करायचा प्रयत्न केला, तिथे मी थांबतो. ज्या राजवटीचे तुरुंगाधिकारी माणसांच्या शरीरांवर हेच करत होते, तिच्या विरोधात तेच स्वतःच्या शरीरावर करणं हे दुःखाचं रूप असेल. निषेध म्हणून ते दुसऱ्याच्या हाती काहीही देत नाही. बघणाऱ्यानं फक्त हादरायचं.

रोसेनफेल्दचं काम याच्या दुसऱ्या टोकाला आहे. डिसेंबर १९७९मध्ये तिनं सांतियागोच्या मांकेवे रस्त्यावर मैलभर एक काम केलं. रस्त्याच्या मध्यावर गाड्यांच्या रांगा वेगळ्या करणारे पांढरे तुटक पट्टे असतात. त्यातल्या एकेका पट्ट्यावर तिनं आडवी पांढरी कापडी पट्टी चिकटवली. संपलं. प्रत्येक पट्ट्याचा क्रूस झाला, किंवा फुली, किंवा अधिकचं चिन्ह. कुणी त्यात थडगी पाहिली असतील, कुणी आणखी काही. मला त्यातलं वेगळंच आवडतं. रस्त्यावरचा पट्टा आपण विचार न करता पाळतो, इतका की तो हुकूम आहे हेही विसरतो. एका बाईनं कापडाची चिंधी लावून त्या हुकुमाचा अर्थ बदलून दाखवला, आणि जो पाहील त्याला हेही दाखवलं की हे करायला प्रतिभा लागत नाही. पुढे तिनं हीच खूण वॉशिंग्टनला व्हाइट हाउसपुढे केली, आणि चिली-अर्जेंटिना सीमेवरच्या बोगद्यातही.

१२ जुलै १९८१ रोजी ‘कादा’नं सहा छोट्या विमानांतून सांतियागोवर चार लाख पत्रकं टाकली. आशय साधारण असा: जो कुणी आपलं जगणं जरासं ऐसपैस करायला धडपडतो, मग ते नुसतं मनातल्या मनात का असेना, तो कलावंतच. आठ वर्षांपूर्वी याच शहरावर विमानांतून काय पडलं होतं ते कुणी विसरलं नव्हतं, त्यामुळे नुसता कागद पडणं हीदेखील एक बातमी होती. पत्रकाची भाषा मला थोडी अवजड वाटते. कलावंत आहात म्हणून सांगितल्यानं कुणी कलावंत होत नाही. सांगायचं कशाला, करायला द्यावं.

ते त्यांनी दोन वर्षांनी केलं. १९८३च्या उत्तरार्धात, उठावाला दहा वर्षं झाली तेव्हा, ‘कादा’ आणि त्यांचे सोबती रात्री बाहेर पडून शहरातल्या भिंतींवर दोनच खुणा रंगवू लागले: ‘नो’ आणि पुढे अधिकचं चिन्ह. स्पॅनिशमध्ये ते ‘नो मास’ असं वाचलं जातं, म्हणजे आता पुरे, यापुढे नको. काय नको ते लिहिलेलंच नव्हतं. मापोचो नदीच्या काठावरही त्यांनी ही खूण लावली, तिथे सोबत पिस्तुलाचं चित्र होतं. बाकी भिंती कोऱ्या सोडल्या. आणि लोकांनी त्या भरल्या. कुणी भूक लिहिली, कुणी मरण, कुणी छळ, कुणी बेपत्ता माणसं. कुणी थेट पिनोशेचं नाव लिहिलं. रस्त्यावरच्या पट्ट्यांवरची अधिकची खूण भिंतीवर आली होती, पण आता तिचा कर्ता उरला नव्हता. पोलिसांनी कुणाला पकडायचं? वाक्याचा पहिला अर्धा भाग रात्री कुणीतरी लिहून गेलेला, दुसरा भाग शेजारच्या गल्लीतल्या पोरानं.

एवढ्यानं राजवट पडली असं म्हणण्याचा मोह टाळायला हवा. १९८२च्या मंदीनं पिनोशेच्या अर्थतज्ज्ञांचा भरभराटीचा दावा पोकळ ठरवला, कामगार रस्त्यावर आले, चर्चनं बेपत्ता माणसांच्या कुटुंबांना आसरा दिला, आणि ५ ऑक्टोबर १९८८च्या सार्वमतात साधारण ५६ टक्के लोक ‘नाही’ म्हणाले. सत्तेचं हस्तांतर मार्च १९९०मध्ये झालं. तोवर तीन हजारांहून अधिक माणसं मारली गेली होती किंवा बेपत्ता झाली होती. भिंतीवरच्या खुणेचं श्रेय मोजता येत नाही आणि मोजू नये. ती लोकांच्या उपयोगाला आली, एवढं खरं.

तिच्याइतकीच उपयोगाला आलेली आणखी एक गोष्ट प्रयोगशील कलेच्या इतिहासात बरेचदा तळटीपेत जाते. बेपत्ता झालेल्यांच्या आया, बायका, बहिणी सांतियागोच्या वस्त्यांमध्ये एकत्र बसून गोणपाटावर चिंध्यांची चित्रं शिवत होत्या. कॅथलिक चर्चच्या ‘एकजुटीचा विकारिया’ या मदतसंस्थेनं त्यांना जागा आणि कापड दिलं. आपल्या आजीच्या गोधडीसारखंच हे काम, जुन्या कपड्यांच्या तुकड्यांचं, फक्त त्यात ऊब नाही, साक्ष होती. पाठीमागे आंदेस पर्वत, पुढे घरं, दारात पोलीस, आणि ‘कुठे आहेत ते?’ विचारणाऱ्या चिमुकल्या बाहुल्या. काहींच्या मागे एक छोटा खिसा शिवलेला असे आणि त्यात चिठ्ठी. ही चित्रं देशाबाहेर नेऊन विकली गेली, आणि वर्तमानपत्रांत जे छापता येत नव्हतं ते परदेशी घरांच्या भिंतींवर लागलं. या बायकांनी प्रयोगशीलतेचा दावा कधी केला नाही. पण चित्र अर्धवट ठेवायची कला त्यांना कुणापेक्षाही जास्त येत होती, कारण त्यांच्या घरातलं माणूसच अर्धवट ठेवलं गेलं होतं: मेलं म्हणता येत नाही, आहे म्हणता येत नाही.

या सगळ्याचा एक टप्पा आपल्या जवळच येऊन गेला. २०१६च्या कोची-मुझिरिस द्वैवार्षिकाचे क्युरेटर होते मुंबईचे कलावंत सुदर्शन शेट्टी, आणि त्यांनी सुरिताला बोलावलं. अ‍ॅस्पिनवॉल हाउसमधल्या एका दालनात त्यानं समुद्राचं पाणी भरलं. त्यातून पाय भिजवत चालत, भिंतींवरच्या ओळी वाचत, शेवटच्या भिंतीपर्यंत जायचं. काम गालिप कुर्दी या पाच वर्षांच्या सीरियन मुलाला वाहिलेलं होतं. २०१५मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या त्याच्या धाकट्या भावाचं, आलनचं, छायाचित्र जगभर गेलं. गालिपही त्याच बोटीत होता आणि बुडाला, पण त्याचं तसं चित्र नाही. सुरितासाठी समुद्र ही जुनी जखम. चिलीच्या लष्करानं बेपत्तांपैकी अनेकांचे देह समुद्रात टाकले होते, हे २००१मध्ये राष्ट्राध्यक्ष लागोस यांनी देशाला सांगितलं. कोचीतलं ते काम गंभीर आणि प्रामाणिक होतं. तरी चपला हातात घेऊन, पायजमे गुडघ्यापर्यंत दुमडून तिथे उतरलेल्या प्रेक्षकाला काही धोका नव्हता, आणि त्याला करण्यासारखंही काही उरलेलं नव्हतं. हे स्मारक होतं. रोसेनफेल्दचे क्रूस २००७मध्ये कासेलच्या ‘डॉक्युमेंटा’ प्रदर्शनात पुन्हा काढले गेले, त्यांचंही तेच. स्मारकं लागतात, त्यांना निषेध म्हणू नये, एवढंच.

‘कादा’ची अर्धी खूण मात्र अजून संग्रहालयात पूर्णपणे गेलेली नाही. पिनोशेच्या काळात, १९८०च्या हुकमानं, चिलीत निवृत्तिवेतन खासगी कंपन्यांच्या हवाली केलं गेलं, आणि लोकशाही आल्यावरही ती व्यवस्था कायम राहिली. २०१६मध्ये तिच्याविरुद्ध प्रचंड मोर्चे निघाले. मोर्चेकऱ्यांच्या फलकांवर ‘नो’ होतं, पुढे अधिकचं चिन्ह, आणि त्यापुढे त्या कंपन्यांच्या नावाची तीन अक्षरं.