जीवाची योग्यता आणि मनाची स्वस्थता



किन्हीराजा येथे निरूपणाचा योग आला असता एक वासनिक गृहस्थ तीन दिवस मंडपात दिसले नाहीत. एरवी सर्वांच्या आधी येऊन सतरंज्या अंथरणारे ते. चौथ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. ते म्हणाले, "बाबा, बँकेचं देणं थकलं. आता चार माणसांत बसाची आपली लायकी नाही राह्यली." त्या 'लायकी' शब्दाने मन अस्वस्थ झाले. योजलेला विषय बाजूला ठेवून त्या संध्याकाळी याच शब्दाचा विचार केला. तोच येथे मांडीत आहे.

जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य व परस्परांहून भिन्न आहेत, हे आपणांस मुखोद्गत आहे. परंतु हा भेद व्यवहारात कोठे कामी येतो, हे आपण सहसा विचारीत नाही. शेत, पीक, घर, बाजारातील पत, एवढेच नव्हे तर ज्याला 'मी' म्हणून आपण मिरवतो तो देहही प्रपंचातच मोडतो. जीव त्याहून वेगळा. देवता नित्यबद्ध, परमेश्वर नित्यमुक्त आणि जीव बद्धमुक्त. म्हणजे आज अविद्येने बांधलेला असूनही मुक्त होण्यास योग्य. ही योग्यता सातबाऱ्यावर नोंदलेली नसते, आणि थकबाकीच्या नोटिशीने ती उणीही होत नाही.

अहंकाराची निंदा आपल्या व्यासपीठांवरून पुष्कळ होते, आणि ती व्हावीच. हीनतेविषयी मात्र आपण बोलत नाही. उलट तिलाच नम्रता समजून तिचे कौतुक करतो. हा दोष आम्हा निरूपण करणाऱ्यांचाही आहे. वस्तुतः सोयाबीन चांगले उतरले म्हणून छाती काढणारा आणि 2017 साली गुलाबी बोंडअळीने कपाशी गेली म्हणून स्वतःला कवडीमोल मानणारा, हे दोघेही जीवाला प्रपंचाच्याच मापाने मोजतात. एकाचे माप भरले, दुसऱ्याचे रिते राहिले, इतकाच फरक.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी 1890 साली आपल्या ग्रंथात असे सूत्र मांडले की, मनुष्याच्या यशाला त्याच्या अपेक्षेने भागावे, म्हणजे त्याचा आत्ममान निघतो. यश वाढले किंवा अपेक्षा घटली, तरी मान वाढतो. निरीक्षण म्हणून हे मार्मिक आहे. पण कोरडवाहू शेतकऱ्याचे यश पावसाच्या हाती. आणि अपेक्षा घटवावी तर कोणती? लेकीच्या शिक्षणाची, की दोन वेळच्या भाकरीची? हा भागाकार त्याला कधीच फळत नाही. आमचे शास्त्र त्याला भागाकारातूनच बाहेर काढते.

कोणी म्हणेल, मग चुकीचा पश्चात्ताप करू नये काय? अवश्य करावा. परंतु अनुताप कर्माचा असतो, जीवाचा नव्हे. म्हाइंभटांचे उदाहरण घ्या. पांडित्याचा अभिमान बाळगून ते स्वामींकडे आले, आणि तो अभिमान तेथे गळून पडला. 'आपण कशाच्याच कामाचे नाही' असे म्हणून ते बसून राहिले असते तर? ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांच्याकडे जाऊन, प्रत्येक लीळा विचारून, पारखून त्यांनी लीळाचरित्र सिद्ध केले. अभिमान गेला, कार्य करणारा जीव तोच होता.

ग्रंथ संस्कृतात रचले तर आपल्या म्हाताऱ्या त्यास मुकतील, ही नागदेवाचार्यांनी केशिराजबासांजवळ बोलून दाखविलेली काळजीही येथे आठवते. अक्षरशत्रू म्हातारी ज्ञानाला अपात्र आहे, असे आचार्यांनी मानले नाही. भाषा तिच्यापर्यंत आणली.

आणि लोकांच्या बोलण्याचे काय? आपल्या पंथाच्या नावावरूनच 'मानभावी' हा शब्द ढोंगी या अर्थाने मराठीत रूढ झाला. मीही तो लहानपणी ऐकला आहे आणि घरी येऊन रडलो आहे. पूर्वजांनी त्या शब्दावरून स्वतःची किंमत ठरविली असती, तर सकळ लिपीत पोथ्या उतरवून त्या शतकानुशतके जपण्याचे कष्ट कोणी घेतले असते?

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. 2006 साली केंद्र शासनाने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांतील कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत वाशीम होता. हे दुःख एका घराचे नाही. अन्न गोड लागेनासे झाले, झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर अशा वेळी नुसते निरूपण पुरे पडणार नाही. त्या मनुष्यास एकटे सोडू नये. त्याला सरकारी रुग्णालयात डॉक्टरांकडे न्यावे. 2022 पासून टेलिमानस ही शासनाची विनामूल्य सेवा 14416 या क्रमांकावर चालू आहे. तेथे मराठीतून बोलता येते. ताप आला असता आपण औषध घेतोच. मनाच्या आजारात ते घेतल्याने श्रद्धा उणी ठरत नाही.

साधुजनांस विनंती एवढीच की, भिक्षेस जाताना अमका अडचणीत आहे म्हणून त्याचे दार टाळू नये. त्याच्या हातून चतकोर भाकरी मिळाली तरी ती घ्यावी, आणि दोन घटका त्याच्या ओट्यावर बसावे. किन्हीराजाच्या त्या गृहस्थांच्या घरी मी त्या दिवशी ज्वारीची भाकरी आणि तुरीचे वरण घेतले. वाढताना ते दोनदा म्हणाले, "बाबा, अजून घ्या."